बाहेरची लाइन

“फॉर्मवर ‘रूममेट’ लिहिलंय. चौकशीत वेगळंच कळलं,” पडताळणी अधिकारी म्हणाले. “प्रेम कुणावरही करा. पण तुम्ही ते घरी लपवताय. उद्या कुणी आईला सांगायची धमकी देऊन क्षेपणास्त्राची माहिती मागितली तर? गोपनीय विभागात कसं घ्यायचं तुम्हाला?”

माझा मोबाइल गेटवर जमा होता. मी त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि शून्य दाबून बाहेरची लाइन घेतली.

“आई, ऋजुता माझी रूममेट नाही. आम्ही जोडपं आहोत.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“मग तीन दिवाळ्या दोघींना सारख्या साड्या घेतेय, त्या काय उगाच? आज कसं सांगावंसं वाटलं?”

“साहेबांना वाटतं, तुला कळेल या भीतीने मी देश विकेन.”

“दे त्यांना फोन.”

मी रिसीव्हर साहेबांपुढे धरला.