डब्यांच्या रांगेतली कवळी
जुन्या बाजारातून आणलेल्या तपकिरीच्या डबीला नवरा लेकरासारखं न्हाऊमाखू घालत होता. कुणा परक्याचा बिजागरीत साठलेला मळ काडीनं कोरायचा, नाकाशी धरायचा, वर खूश व्हायचा! “अहो, अण्णांची कवळी रोज मीच धुते. आज तुम्ही धुता?” तिनं विचारलं. “शी! बापाची झाली तरी उष्टीच ती! ओकारी येईल मला.” आतल्या खोलीत सासरे खोकले, त्यांनी ऐकलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कवळी खरकट्यासकट त्यानं जमवलेल्या जुन्या डब्यांच्या रांगेत ठेवली. कधी धुतली असती, तर त्यानं ओळखली असती. जुन्या बाजारातलीच समजून त्यानं भिंग लावून ब्रशनं दातन्‌दात घासला. “वा! काय कारागिरी! कुठे मिळाली?” “आतल्या खोलीत.” तो बेसिनकडे पळाला. तिनं लखलखती कवळी सासऱ्यांपुढे धरली. “आज लेकानं धुतलीय.” ओकाऱ्या ऐकत सासरे म्हणाले, “मग पुन्हा धुऊन आण, पोरी.”