शड्डू

आखाड्यात दंडाचं हाड मोडलं आणि नस तुटली, तेव्हापासून पहिलवान दामिनीचा उजवा पंजा लोंबतच होता. नस शिवून वर्ष झालं. आज अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला हलका शॉक दिला, तसा पंजा टुणकन उडाला. वलगावहून सोबत आलेले तिचे वडील, खुशालराव, दचकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा करंट मशीनचा, काका. आता तिच्या चेतापेशींनी स्वतःची वीज तयार करून मेंदूपासून मनगटापर्यंत धाडायची." "म्हंजे डोक्यातली इजेची डीपी शाबूत हाय, तार जुळली का नाई ते पाहाचं!" मशीन बंद झालं. दामिनीने सगळा जीव मनगटात आणला. पंजा थरथरला, वर आला, ताठ झाला. खुशालराव दुपट्ट्याने डोळे पुसताहेत, तोच पोरीने उभं राहून मांडीवर असा शड्डू ठोकला, की नर्स धावत आली. "काय पडलं?" "पडलं काईच नाई, बाई. माही पोरगी उठली!"