ईश्वरीची सही

पाचवीच्या वर्गात बी रुजण्याचा धडा पडद्यावर सुरू झाला आणि हेमलताबाई झटकन पडद्याजवळ गेल्या. रोप धरून हसणाऱ्या मुलीच्या जागी नुसती पांढरी आकृती होती. ती मुलगी म्हणजे त्यांची लेक ईश्वरी. फोटो काढला त्याच वर्षी ती तापाने गेली होती.

बाईंनी तिथूनच धड्यांना फोटो पुरवणाऱ्या चित्रसंग्रहाला फोन लावला.

"मॅडम, मुलीला आज अठरा पूर्ण झाली," तिकडचा माणूस म्हणाला. "आईने दिलेला परवाना संपला, की चित्र सगळ्या प्रतींतून आपोआप पुसलं जातं, घरच्या प्रतींतूनसुद्धा. आता तिचीच सही लागेल."

"सही करायला ती नाही हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग चित्र परत येणार नाही."

बाईंनी फळ्यावर खडूने रोप काढलं. शेजारी मुलगी काढायला गेल्या, पण हात पुढे सरकेना.