रुपराव हसले काहून?

“तुम्ही त्या दिवशी हसले काहून होते?” पायलने विचारलं.

रुपराव कूलरच्या जाळीत नवी खस भरत होते. हात थांबवून त्यांनी या अनोळखी पोरीकडे पाहिलं. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरापुढे मार्चमध्येच कूलरची रांग लागली होती. येणारा प्रत्येक जण ‘माझा कधी होईल’ एवढंच विचारायचा. हा प्रश्न नवाच होता.

“कोणत्या दिवशी, मॅडम?”

“मी फोनवर तुम्हाला नोकरी गेल्याचं सांगितलं, त्या दिवशी.”

आता त्यांना आवाज ओळखू आला. “अरे! मिहानवाल्या पायल मॅडम!” म्हणत ते उठले आणि फडक्याने खुर्ची पुसू लागले. येताना पायलने दोन शिव्या खायची तयारी ठेवली होती. खुर्ची मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पायलचं काम माणसं घेण्याचं. दिवाळीनंतर ते माणसं काढण्याचं झालं. एकेकाला फोन लावायचा, बातमी सांगायची आणि शेवटी गोड आवाजात बजावायचं, ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोला.’ कुणी रडलं. कुणी तिचं खानदान काढलं. कंपनीचे एसी सांभाळणारे हे रुपराव तेवढे हसले. तेही कसनुसं नव्हे, चांगलं खदखदून. आणि मागून कुणी बाईही हसत होती. पायलने गोंधळून फोन ठेवला, पण ते हसणं काही तिच्या डोक्यातून जाईना. माणूस वेडा होता की काय? की दुसरी नोकरी आधीच खिशात घालून बसला होता?

पुढे काढायला कुणी उरलं नाही, तेव्हा कंपनीने पायललाच काढलं. मग कळलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरच्यांशी मोकळेपणाने बोलायला तिची जीभच उचलेना. तिचे बाबा, नत्थू, गल्लीत कुणी भेटलं की आधी पोरगी साहेब झाल्याचं सांगायचे, मग रामराम-जयभीम काय ते. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? सुट्या शिल्लक आहेत, अशी थाप मारून ती घरी राहिली. तोंडाला चव नव्हती, डोळ्याला डोळा लागत नव्हता. आई, पार्वतीबाई, सुरुवातीला खोदून खोदून विचारायची. “काही नाही वं आई,” हे पायलचं ठरलेलं उत्तर. मग आईने विचारणं सोडलं आणि रोज मऊ खिचडी टाकायला लागली.

आज ऑफिसातल्या मैत्रिणीकडून रुपरावांचा पत्ता मिळाला, तशी पायल स्कूटीची किल्ली घेऊन निघाली. दारात आई पायात चप्पल घालूनच उभी.

“मी येऊ का संगं?”

“तू काहून वं? माझं जरासं काम आहे.”

आईने मुकाट्याने चप्पल काढली.

आता खुर्चीत बसल्यावर पायलने एका दमात सांगून टाकलं, “माझी पण गेली. घरी सांगणं होऊन नाही राहिलं. तुम्हाला हसू कसं आलं, तेवढं सांगा.”

रुपरावांनी डोकं खाजवलं. “मी कुठं हासलो मॅडम? पयले ही हासली. हिचं पाहून मले आलं.” त्यांनी आत हाक मारली, “अंजू, बाहेर ये वं! या मॅडमले सांग, तू हासली काहून होती.”

त्यांची बायको अंजू पदराला हात पुसत आली. कोण आणि काय ते कळल्यावर आधी लाजली, मग पायरीवर बसली.

“खरं सांगू का ताई? त्याच्या आधी महिनाभर हे माणूस बोलतच नोहतं. यायले अंदाज आला होता, कंपनी काढन म्हणून. मले काय माहीत? ताटावरून उठून जायचे. रातभर जागे. मी इचारलं तं म्हणत, काही नाही. मले वाटलं, यायले मोठा आजार झाला. डॉक्टरनं काहीतरी सांगितलं असन, अन् हे लपवून राहिले. यायच्या चोरून मी कपाट धुंडालं, रिपोर्ट कुठं ठेवले म्हणून. न्हाणीत जाऊन रडून घेत होती. अन् त्या दिवशी हे जेवून राहिले होते. हात खरकटा, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तं तुम्ही म्हटलं, नोकरी गेली.” अंजूला आताही हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. “मी म्हटलं, बस? एवढंच? मंग मले थांबताच येईना.”

रुपराव मान खाली घालून खस नीट करत राहिले.

पायल उठली. दोन कूलरच्या मधल्या सावलीत जाऊन तिने घरी फोन लावला. जे काय व्हायचं ते आत्ताच होऊन जाऊ दे, असं तिला वाटत होतं. पहिल्याच रिंगला आईने फोन उचलला.

“आई, तुले एक सांगायचं होतं. बऱ्याच दिवसांपासून.”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. “दे, मी ऐकतो,” असा बाबांचा आवाज आला. पण आईने फोन दिला नाही.

“सांग माय,” पार्वतीबाई म्हणाली. आवाज तिने कसाबसा घट्ट धरला होता. “मी रडत नाही. घर इकू, पण तुले बरं करू. डॉक्टर काय म्हणाला, तेवढं सांग.”