न दाबलेली बेल

बेल वाजली. सुनेनं शिलाई मशीन थांबवलं, दातओठ खाल्ले आणि ती आतल्या खोलीत गेली. सासरे पलंगावर पडून खिडकीबाहेर बघत होते. बेलचं बटण उशीजवळ होतं.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही गं. मी कुठे बोलावलं?"

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. कंबरेचं हाड मोडून सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मुलानं ही बिनतारी बेल आणली होती. मशीनच्या खडखडाटात त्यांची हाक बाहेर ऐकू जात नसे, आणि त्यांना स्वतःलाही जरा कमीच ऐकू यायचं. म्हणून बटण त्यांच्या हाताशी आणि बेल मशीनच्या वर भिंतीला. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग म्हातारबुवांनी हा खेळ मांडला. बेल वाजवायची आणि सून धावत आली की साळसूदपणे कानांवर हात ठेवायचे.

तिच्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकत होती. ती दाराआडून पाळत ठेवू लागली. ती तिथे उभी असली की बेल नेमकी वाजायची नाही, त्यामुळे संशय आणखीच बळावला. एकदा तर तिनं ते झोपलेले असताना बटणावर चिमूटभर पावडर भुरभुरली. तासाभरानं बेल वाजली. तिनं जाऊन पाहिलं, पावडर पुसलेली. बाबांचं आपलं तेच, आत्ता मी बोलावलं नाही.

चोर सापडला होता. तिनं नवऱ्याला सांगितलं, एक तर हे मला मुद्दाम छळताहेत, नाहीतर यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. रोज दहा वेळा उठून माझं काम व्हायचं कसं? नवरा आठवडाभर टाळत राहिला, मग हो म्हणाला. येत्या रविवारी बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्याआधी एकदा बेल तपासून घे, एवढंच तो म्हणाला. बापाला सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

बेल ठणठणीत आहे, हे तिला वायरमनच्या तोंडून ऐकायचं होतं. तो दुपारी आला. त्यानं बटण उघडून आतला चपटा सेल काढला आणि तळहातावर घेतला. तेवढ्यात बाहेर बेल वाजली.

सून बघतच राहिली. वायरमनला हसू आलं. वरच्या मजल्यावर महिन्यापूर्वी त्यानंच अशीच बेल बसवली होती. दोन्हींचा कोड एकच निघाला, म्हणजे वर कुणी आलं की इथेही वाजणारच. बदलायला पाच मिनिटं लागतील, तो म्हणाला. मग त्यानं हातातला सेल उजेडात धरला.

"हा तर केव्हाच संपलाय, ताई. गंज चढलाय बघा. महिनाभर तरी या बटणानं बेल वाजली नसणार."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, म्हणजे तुम्ही बटण दाबतच नव्हता?"

"दाबायचो की, तहान लागली की. तेव्हा तू यायची नाहीस. मग कधीतरी न बोलावताच यायचीस. म्हटलं, पोर कामात असते, पण सवड मिळाली की आठवणीनं येऊन जाते."