काचांचं नवं रबर

हे वारल्यावर ह्यांची जुनी गाडी आता नात चालवणार होती, म्हणून मी दारांच्या काचांचं रबर बदलायला काढलं. जुनं पार सुकून तडकलं होतं. ती गाडी मला अजून आवडते; किती गावं पाहिली मी तिच्यातून! हे चिडले, की आधी सगळ्या काचा वर चढवायचे आणि मगच हात उचलायचे. शेजारी आम्हाला शांत जोडपं म्हणत.

मेकॅनिकने साबणाचं पाणी लावून नवं रबर खाचेत दाबून बसवलं. "आजी, आता परीक्षा. कुणीतरी आत बसून ओरडा. बाहेर ऐकू आलं, तर मी मिशा काढीन."

"मिशांना निरोप द्या, काका!" म्हणत नात माझ्या नेहमीच्या जागेवर बसली. बाकीच्या काचा बंदच होत्या. तिने आपली चढवली.

ती हसत हसत ओरडत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मेकॅनिक खूश होऊन हात पुसायला वळला.

मग तिचं हसू थांबलं. ती शेजारच्या, ह्यांच्या रिकाम्या सीटकडे बघू लागली. तिच्या गालावर पाच बोटं लाल उमटली. तिचं डोकं काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काचेवरून रक्त ओघळलं. मी दोन्ही हातांनी दार ओढत होते. ते हलत नव्हतं.

"बघा आजी," मेकॅनिक पाठमोराच म्हणाला, "आहे का जरा तरी आवाज?"