कोणाचंच नसलेलं नाव

बारसं उद्यावर आलं तरी नयनला लेकीचं नाव काही ठरवता येईना. त्याला कोणाचंच नसलेलं नाव हवं होतं. मोबाइलवर तो नावं शोधायचा, अर्थ वाचून खूश व्हायचा आणि मग, "हे तं महागावात गल्लोगल्ली हाये," म्हणत पुढच्या नावाकडे वळायचा. सुरभीनं, त्याच्या बायकोनं, सुचवलेली नावं तर त्यानं अर्थही न विचारता उडवून लावली होती. मांडीवर पोर रडत होती, पाळण्यात कोणतं नाव घ्यायचं म्हणून नणंदेचे फोनावर फोन येत होते. सुरभी पार वैतागली.

"मंग अरुणावती ठेवा!" ती तडकून म्हणाली.

"वा! आपल्याकडच्या नदीचं नाव!" नयनचा चेहरा उजळला. "पोरीचं असं नाव कोठंच नाही ऐकलं मी. तुले कसं सुचलं वं?"

"आर्णीकडच्या एका बापानं ठेवलं होतं. बायकोले कळा सुरू झाल्या तवा अरुणावतीले पूर होता. तरी डोंग्यातून पल्याड दवाखान्यात पोचली, पोर सुखरूप झाली. म्हून नदीचंच नाव देलं."

नयन हिरमुसला. "म्हंजे हाये ना कोणाचं तरी."

"नाही, आता कोणाचंच नाही," सुरभी म्हणाली. "लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळावर 'सुरभी' लिहिलं, तवापासून त्या नावानं मले कोणीच हाक नाही मारली."